तळ्यातल्या गवताची भरपाई

माझे अक्षर वाकडेतिकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळले नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागली तर हसू नये. मी चौथी शिकले. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पाचवीला नाला ओलांडून जावे लागे आणि आईने पाठवले नाही. ही मुलीची गेल्या वर्षीची भूगोलाची वही. मागची पाने कोरी होती, ती मी घेतली.

मला चार माणसांत बोलता येत नाही. घसा बंद होतो. कोणी काही विचारले की तोंडातून ‘हो जी’ एवढेच निघते, मग मनात काही का असेना. या एका ‘हो जी’मुळे आमच्या मागचे तळे मरायला टेकले होते. ते कसे झाले आणि पुढे मी काय केले, ते एकदा नीट लिहून ठेवायचे आहे.

माझे माहेर भंडाऱ्याकडचे. तिकडे गावागणिक तळे असते आणि आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पुण्याला आले. तो वाघोलीच्या पुढे एका मोठ्या सोसायटीत वॉचमन आहे आणि मी तिथलेच जिने आणि पार्किंग झाडते-पुसते. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे तळे आहे. पूर्वी ते गावाचे होते, गुरे पाणी प्यायची म्हणतात. आता तिन्ही बाजूंनी इमारती आहेत. कामाच्या पहिल्या दिवशी आठव्या मजल्याचा जिना पुसताना खिडकीतून पाणी दिसले आणि मी फडके हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुण्यात येऊन चार महिने झाले होते, तोवर ओळखीचे असे काही दिसले नव्हते.

जवळ गेले तर नाक धरावे लागले. एका सोसायटीचे मैलापाणी सरळ तळ्यात येत होते आणि वर जलपर्णी एवढी की कुत्रे त्यावरून चालत जाईल.

तळ्याची काळजी घेणारा एक गट होता. रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसे जमत. कॉम्प्युटरवर काम करणारी मुले-मुली, काही पेन्शनर, गावातले एक-दोघे. गट चालवायच्या एक निवृत्त शिक्षिका. जन्म शनिवार पेठेतला, विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले आणि म्हातारपणी मुलाने इकडे फ्लॅट घेतला म्हणून इकडे आल्या. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही तेच म्हणते. ते मैलापाणी बंद व्हावे म्हणून बाई दीड वर्ष कचेरीत जाऊन बाकावर बसत होत्या. तिथल्या साहेबांनी एकदा विचारले, तुम्हाला घरी काही काम नाही का? बाई म्हणाल्या, “आहे. पण तुमच्याकडे न होणारं काम बघत बसायला जास्त करमतं.” शेवटी पाइप वळवला गेला. मग गटाने जलपर्णी काढली. त्यालाही एक वर्ष लागले.

बाईंकडे एक थाळी होती. घरातली जुनी थाळी पांढरी रंगवून, खाली दगड बांधून, दोरीला वितीवितीवर गाठी मारलेल्या. रविवारी ती पाण्यात सोडायची आणि जिथे दिसेनाशी होईल तिथवरच्या गाठी मोजायच्या. जेवढ्या गाठी जास्त, तेवढे पाणी स्वच्छ. मैलापाणी होते तेव्हा दुसऱ्या गाठीला थाळी जायची. ते बंद झाल्यावर सहाव्या गाठीपर्यंत दिसू लागली. मी लांबून झाडू मारता मारता पाहत असे.

जलपर्णी गेल्यावर ऊन खालपर्यंत पोचले आणि पाण्याखालचे गवत वाढले. लांब पातळ पाती, शाळेच्या वेणीत बांधायच्या रिबिनीसारखी. मला फार आनंद झाला. पण गटातल्या लोकांना वाटले, ही जलपर्णीचीच बहीण. तळ्यात मासेमारीचा ठेका गावातल्या एका वयस्कर माणसाकडे होता, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांची जाळी गवतात अडकायची, त्यांनीही तक्रार केली. ठरले की गवत मुळासकट काढायचे. सोसायटीत काम करणाऱ्या आम्हा सहा बायकांना रोजाने लावले.

पहिल्या सकाळी आम्ही पाण्यात उतरणार, तेवढ्यात बाई काठावर आल्या आणि नेमक्या माझ्याकडेच पाहून म्हणाल्या, “अहो, तुम्ही भंडाऱ्याकडच्या ना? तुमच्याकडे तळी असतात. हे सगळं काढायचंच ना?”

आमच्याकडे हे गवत कोणी उपटत नाही. मासे त्यात अंडी घालतात, पाण्यातला गाळ त्याला चिकटून खाली बसतो. उन्हाळ्यात तळे आटायला लागले की माझी आई त्याच्या मुळ्या ओल्या पोत्यात गुंडाळून विहिरीच्या कडेला ठेवायची आणि पुन्हा लावायची. घरातल्या बियाण्यासारखे जपायची. हे सगळे माझ्या डोक्यात होते. समोर वीस माणसे होती, त्यातली निम्मी इंजिनिअर. कोणाच्या हातात मोबाइल, कोणाच्या हातात दाताळे. सगळी माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणाले, “हो जी.”

चार दिवस आम्ही गवत उपटले. प्रत्येक ओढीबरोबर बारकी पिल्ले काठावर येऊन पडत होती. जेवढी दिसली तेवढी मी ओंजळीने परत टाकली. माझ्या शेजारी गवत उपटणारी म्हणाली, अगं रोज गवताचा मिळतो, माशांचा नाही. चार दिवसांचे पैसे मिळाले, ते मी घेतले.

तळे आरशासारखे झाले. थाळी नवव्या गाठीपर्यंत दिसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मला वाटले, आपलेच चुकले असेल, पुण्याचे पाणी वेगळे असेल.

मग ऊन तापले. पाणी आधी पोपटी झाले, मग भिंतीला लावायच्या रंगासारखे दाट हिरवे. थाळी एका गाठीला जायला लागली. मैलापाणी होते त्याहून वाईट. चैत्रात एके दिवशी पहाटे कामावर येताना भिंतीवरून पाहिले, तर मासे पाण्यावर तोंड काढून हवा पीत होते. उजाडेपर्यंत पांढरी पोटे वर आली. मामांचे कटला होते, दोन-दोन किलोचे. मामा काठावर पाय पसरून बसले होते. कोणी काही विचारले तर हात नुसता हलवायचे.

सगळे म्हणाले, कोणीतरी मैलापाणी पुन्हा सोडले. बाई उन्हात काठी घेऊन पाइप शोधत फिरल्या. सत्तरीच्या बाई, डोक्यावर पदर घेऊन झुडपांत शिरायच्या. तीन दिवस मी ते पाहिले. चौथ्या दिवशी मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. झाडू हातातच होता.

पाइप शोधू नका, असे मी म्हणाले. मग थांबत थांबत सगळे सांगितले. गवत पाण्यातली घाण खाते, ते गेले म्हणून घाणीवर हिरवे वाढले. मला हे ठाऊक होते. तुम्ही विचारले तेव्हाही ठाऊक होते. एवढे सलग मी आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते.

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. म्हणाल्या, “पस्तीस वर्षं वर्गात विचारलं, समजलं का? सगळ्या माना हो म्हणून हलायच्या. त्या हलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. आत या. आणि तो झाडू बाहेर ठेवा, इथलं मी झाडलंय.”

गवत परत कुठून आणायचे हा प्रश्न होता. मला एक जागा माहीत होती. आमच्या खोल्यांच्या मागे दगडाच्या जुन्या खाणी आहेत, त्यातल्या एकीत पाणी साठून राहते. कपडे धुवायला जाते तेव्हा मी पाहिले होते, पाणी इतके नितळ की पडलेला साबण तळाशी दिसतो. कडेच्या उथळ भागात तीच रिबीन होती. बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी थाळी सोडली, दोरी संपली तरी थाळी दिसत होती.

ज्येष्ठात पाणी सगळ्यांत कमी असताना लावायचे ठरले. गटातली निम्मी माणसे आलीच नाहीत. एक गृहस्थ म्हणाले, आधी पैसे देऊन काढायचे, आता पैसे देऊन लावायचे, उद्या परत काढायला सांगतील. जे आले ते गमबूट घालून आले. आमच्याकडे हे काम पायाने करतात. मुळी चिखलाच्या गोळ्यात धरायची, गोळा पाण्यात सोडायचा आणि पायाच्या अंगठ्याने गाळात दाबायचा. हाताने दाबायला वाकले तर पाणी नाकात जाते आणि रोप सुटून वर येते. हे समजावून सांगणे मला जमेना, म्हणून मी नुसती पाण्यात उतरले आणि लावत गेले. दहा-बारा रोपे झाल्यावर मागे वळून पाहिले, तर मुलांनी गमबूट काढून काठावर ओळीने ठेवले होते. एक मुलगी मला म्हणाली, “काकू, माझा अंगठा ट्रेंड नाहीये हो.” तिची रोपे खरेच तरंगत होती. तीन रविवारांत आम्ही गावाकडचा काठ लावून काढला.

श्रावणात गवत गुडघ्याएवढे व्हायला हवे होते. मी उतरून पाहिले तर खुंट राहिले होते, कात्रीने कापावे तसे. असे कापणारा मासा एकच. गवत्या. तो गवतावरच वाढतो, रोज स्वतःच्या वजनाएवढे खातो असे माझे वडील म्हणायचे.

मी मामांच्या पत्र्याच्या शेडकडे गेले आणि एक गवत्या विकत मागितला. ते म्हणाले, अजून लहान हाय, थांब की. मी म्हणाले, लहानच द्या. तिथेच त्यांच्या विळीवर मी तो चिरला आणि पोट उघडून त्यांच्यापुढे ठेवले. आत रिबीनच रिबीन होती, आमच्या अंगठ्यांनी दाबलेली.

मामांनी वाकून पाहिले. “मग? त्यासाठीच तर सोडल्यात,” ते म्हणाले. “तुम्ही लावा, ते खातील. दोघांचीबी रोजी चालू.”

मला हसू आले नाही. मी विचारले, चैत्रात मासे का मेले? ते म्हणाले, घाण पाण्यानं. मी म्हणाले, घाण पाणी तर त्याच्या दोन वर्षं आधीच बंद झाले होते. मी खाली पाहूनच बोलत होते, त्यामुळे बोलता आले. गवत राहिले नाही तर पाणी पुन्हा हिरवे होईल, पुन्हा पहाटे मासे वर येतील, आणि त्यात हे गवत्ये पण जातील. हे आत्ताच काढा.

“बोटुकली मी उधारीवर आणलीया,” मामा म्हणाले. बोटुकली म्हणजे बोटाएवढे मासे, बियाणे. “होळीपर्यंत एकेक नग दीड किलोला गेला असता. आता काढून इकायचं म्हणजे निम्म्याबी भावात जायचं न्हाई. एक डाव मेल्यात, एक डाव तू काढाया लाव. ती भरपाई कोण देणार ताई, तुझी ती थाळीवाली बाई?”

“मी देईन,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे, मग माझ्या झाडूवाल्या निळ्या गणवेशाकडे पाहत राहिले. मला वाटले हसतील. ते म्हणाले, “घरात इचारून ये.”

घरात विचारले. नवरा जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. “तुले कोणं सांगतलं होतं मधात पडाले? तळं काय तुह्या बापाचं हाये?” मी म्हणाले, नाही. पण ‘हो जी’ मी म्हणाले होते. तो म्हणाला, त्या शहाण्यांनी काढले, तू मजूर होतीस, मजुराला कोणी दोष देतं का? तेही खरेच होते. मी त्याला एवढेच म्हणाले की मला एकटीलाच विचारले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाला, माझ्या पगारातून एक पैसा नाही. मी म्हणाले, बरं.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना तळ्याच्या काठावर बोलावले. मामांनी हिशेब तोंडीच सांगितला. बियाणे, खाद्य आणि होळीला जे मिळाले असते ते धरून आणि आता विकून येतील ते वजा करून, छत्तीस हजारांचा खड्डा. ते गृहस्थ, लावणीला न आलेले, म्हणाले की ज्यांच्या सल्ल्याने गवत काढले त्यांना विचारा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अगदी त्या दिवशीसारख्या. मी मुलांच्या पायांतल्या गमबुटांकडे पाहिले आणि म्हणाले, “मला ठाऊक होतं आणि मी हो म्हटलं. भरपाई माझी.”

बाई म्हणाल्या, “निर्णय आमचा होता. हो म्हणण्याचे अर्धे तुमचे, न समजता विचारण्याचे अर्धे आमचे.” गटाने अठरा हजार वर्गणी काढून दिले. त्या गृहस्थांनीही दिले, सगळ्यांत शेवटी. माझे अठरा हजार बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधून मामांना भरले. मी परत करीन म्हणाले तेव्हा बाईंनी नको, असू दे असे काही म्हटले नाही. म्हणाल्या, “व्याज घेणार नाही, मी सावकार नाही. सूटही देणार नाही, मी देवस्थान नाही. महिन्याला जमेल तेवढे आणा.” दुसऱ्या कोणी असे म्हटले असते तर लागले असते. मला बरे वाटले.

गवत्या जाळ्यावरून उडी मारून पळतो, म्हणून सगळे काढायला आठ दिवस लागले. मामा, त्यांचा भाऊ आणि मी. जाळ्याची एक बाजू मी धरली. मामांनी पहिल्या दिवशी विचारले, “तुला जमंल का?” दुसऱ्या दिवशी विचारले नाही.

खाणीतून पुन्हा मुळ्या आणल्या आणि पाणी उतरल्यावर पुन्हा लावल्या. मी संध्याकाळी दोन घरच्या पोळ्यांची कामे धरली. एका घरी चौदा, एका घरी वीस. दर महिन्याच्या पाच तारखेला बाईंकडे पैसे नेऊन द्यायचे. कधी हजार, कधी सातशे. मुलीला टायफॉइड झाला तेव्हा दोन महिने काही नेता आले नाही. तेही सांगायला मी पाच तारखेलाच गेले. त्यांनी विचारले, ताप किती आहे? पैशांचे विचारले नाही.

त्याच सुमारास बाईंचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी थाळी माझ्या हातात दिली. गाठी मोजायच्या आणि नोंदवहीत लिहायच्या. मी म्हणाले, माझे अक्षर वाईट आहे. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांचं बघितलंय का कधी? आकडा वाचता आला म्हणजे झालं.” तेव्हापासून त्या वहीत माझे अक्षर आहे. तारीख, गाठी, पाण्याचा रंग, वास. पानाच्या कडेला मी कोणी न सांगता आणखी एक गोष्ट लिहायला लागले, पहाटे मासे वर आले की नाही. बाईंनी ते पाहिले आणि पुढच्या पानावर पट्टीने रकाना आखून दिला.

पाणी लगेच सुधारले नाही. एक गाठ. एक गाठ. पावसात अर्धी. मग दोन. मध्ये कोणीतरी पुन्हा म्हणाले की रोपे मेली, आणि मी पाण्यात उतरून पायाने चाचपून पाहिले. होती. दुसऱ्या उन्हाळ्यात मी रोज पहाटे भिंतीपाशी जाऊन उभी राहत होते. पूर्ण चैत्र, पूर्ण वैशाख. मासे वर आले नाहीत. नवराही दोन-तीनदा येऊन उभा राहिला. म्हणाला, ड्युटीवरच होतो. त्याची ड्युटी पुढच्या गेटला असते.

मामांनी गवत्या पुन्हा सोडला नाही. गवतात मरळ झाली, कोणी न सोडता. एका रविवारी त्यांनी हातभर मरळ पिशवीत घालून दिली आणि म्हणाले, “ही हिशेबात धरू नगंस. नुसती खा.” मी घरी नेऊन रस्सा केला. नवऱ्याने तीनदा वाढून घेतला.

गेल्या रविवारी थाळी सातव्या गाठीपर्यंत दिसली. नऊ नाही. गवताशिवायच्या त्या नऊ गाठी खोट्या होत्या, हे आता मला आणि बाईंना माहीत आहे. पाती वाऱ्यावर हलावी तशी पाण्यात हलत होती आणि थाळी त्यांच्यात शिरून दिसेनाशी झाली.

आज पाच तारीख. शेवटचे सहाशे राहिले होते. दिवाळीत एका घरी जास्तीच्या पोळ्या केल्या होत्या, त्याचे मिळून झाले. बाईंनी नेहमीसारख्या नोटा उलटसुलट करून पाहिल्या, नेहमीसारखे मोजले, आणि त्यांच्या छोट्या डायरीत माझ्या नावाच्या हिशेबाखाली रेघ ओढून डायरी माझ्याकडे फिरवली. मी सगळे आकडे वरून खाली बघितले. दोन रिकामे महिने पण तिथे होते, कोरे ठेवलेले. बेरीज मी मनात केली. अठरा हजार बरोबर आली.

बाई म्हणाल्या, “फिटले.”

मी म्हणाले, “हो जी.” या वेळी ते खरे होते.